खाडीच्या मासळीत पारा असतो का? गरोदर बाईने ती खावी का?

तुमची बायको गरोदर आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय : 'खाडीवाल्या कोळिणींकडून मासळी घेऊ नका, पारा असतो, मिनामाटा होईल.' (मिनामाटा म्हणजे पाऱ्याने होणारा आजार, त्याबद्दल पुढे.) यात तथ्य किती, असं विचारलंय तुम्ही. तथ्य आहे. पण 'कोळिणींकडून' वाचलं आणि माझं डोकं फिरलं, त्यामुळे हे लांबणार. घाई असेल तर सरळ शेवटाकडे जा.

मी कोळ्याची पोर. उल्हास नदी कल्याणच्या खाली रुंद होते, भरतीचं पाणी आत चढतं, त्या पट्ट्यातलं आमचं गाव. बा पाग टाकायचा, बोक्शी लावायचा. आय पाटी घेऊन कल्याणच्या चाळींतून फिरायची. आणि मामा, म्हणजे आयचा धाकटा भाऊ, वरच्या अंगाला कॉस्टिक सोड्याच्या एका कारखान्यात पर्मनंट होता. कारखान्याचं नाव सांगत नाही. अख्ख्या कोळीवाड्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारे चार पुरुष, त्यातला तो एक. त्यामुळे घरात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

त्या काळी कॉस्टिक पाऱ्यावर करायचे. लांबच्या लांब हौद, तळाला पाऱ्याचा वाहता थर, वर मिठाचं पाणी, त्यातून वीज सोडायची. मिठातला सोडियम पाऱ्यात शिरतो, पुढे पाण्याशी गाठ पडली की सुटून त्याचा कॉस्टिक होतो, पारा परत पहिल्या जागी. कागदावर बघाल तर पारा संपायलाच नको. तरी मामाच्या खात्यात वरचेवर नव्या पाऱ्याच्या लोखंडी बाटल्या यायच्या. जुना कुठे जायचा, हे कुणी विचारलं नाही. थोडा वाफ होऊन जायचा, थोडा गाळात, थोडा नाल्यात. नाला नदीत.

एका दिवाळीला मामा आम्हा पोरांसाठी पारा घेऊन आला. इंजेक्शनची रिकामी बाटली, रबरी बुचाची, अंगठ्याएवढी. हातात घेतली की हात खाली जायचा. स्टीलच्या ताटात त्याने तो ओतला आणि वर एक लोखंडी खिळा सोडला. खिळा तरंगला! आम्ही वेडे व्हायचे बाकी होतो. बोट लावलं की पारा फुटायचा, थेंब एकमेकांजवळ लोटले की गपकन एक व्हायचे. मामीनेही हौसेने बोट घातलं आणि तिच्या लग्नातली अंगठी चांदीसारखी पांढरी पडली. ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सोनाराने अंगठी फुंकणीच्या ज्वाळेवर धरली, हळूहळू पिवळेपणा परत आला. सगळे खूश. तो पारा गेला कुठे, तर वर, सोनाराच्या नाकातोंडात. हे मला वीस वर्षांनी कळलं. ताट आयने राखेने घासलं आणि रात्री त्यातच जेवलो.

आता मुद्द्याची गोष्ट. भोपाळ झालं तो हिवाळा. मी पाचवीत. लोक कारखान्याच्या धुरालाही भ्यायला लागले होते, त्यातच कुठल्याशा पेपरात आलं की आमच्या खाडीच्या म्हावऱ्यात पारा आहे. आय सकाळी गेली ती दुपारी भरल्या पाटीने परत. ठरलेल्या घरांनी दारं लावून घेतली. एका बाईने तर, जिच्या बाळंतपणात आयने निवटी आणि चिंबोऱ्या नेऊन दिल्या होत्या, जिन्यावरूनच सांगितलं, "पुढे हो." असं तीन-चार आठवडे चाललं.

आणि न खपलेल्या मासळीचं आम्ही काय केलं? खाल्ली. दुसरं काय करणार? बर्फाला पैसे नाहीत, सुकवून सुकवणार किती, डाळ आणायची तर म्हावरं विकलं गेलं पाहिजे. जिताडा आमच्या घरात सणालाच शिजायचा, कारण तो विकण्याचा मासा. त्या महिन्यात रोज जिताडा. सकाळी जिताडा, रात्री जिताडा, शाळेत डब्यात तळलेला जिताडा. शहराने विषाच्या भीतीने टाकलेला मासा आमच्या पोटात गेला. आणि आयला सहावा महिना होता.

बा घाबरला होता. मामा घाबरला नाही. ओट्यावर बसून म्हणाला, "अरे, पारा शिशापरीस जड. पान्यात गेला का तलाशी बसला. म्हावरा वर, पारा खाली. भेट व्हनार कशी?" खिळा तरंगलेला सगळ्यांनी पाहिला होता. विषय संपला.

मामा, चाळीस वर्षं झाली, आज उत्तर देते. तळाशीच बसतो, बरोबर. आणि खाडीत खाणंपिणं सुरू कुठून होतं? तळापासूनच. त्या काळ्या, वासाच्या चिखलात, जिथे हवा पोचत नाही, तिथले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. मग त्याला वजनाशी काही घेणं नाही. चिखलातून किड्यात, किड्यातून कोलंबीत, कोलंबीतून बोईटात, बोईटातून जिताड्यात. प्रत्येक पायरीला साठा वाढतच जातो. तो मांसाच्या प्रथिनाला धरून बसतो, म्हणून चरबी काढा, कातडी सोला, तळा, उकडा, काही फरक पडत नाही. तुझा धातूचा पारा एखाद्याने गिळला तर बहुतेक तसाच बाहेर पडेल. वाफ फुप्फुसात जाते ती वाईट, आणि माशातला तर आतड्यातून जवळजवळ सगळाच रक्तात जातो, वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो.

मेसेजमध्ये मिनामाटाचं नाव आहे म्हणून सांगते, कारण ते नाव आपल्याकडे नुसतं घाबरवायला वापरतात. जपानातलं कोळ्यांचं गाव. चिस्सो नावाची कंपनी 1932 पासून अॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवताना पारा वापरायची आणि सांडपाणी खाडीत सोडायची. आधी मांजरी फिरून फिरून पडू लागल्या, मग माणसं. हात बधिर, बोलणं जड, नजर अरुंद, झटके. 1 मे 1956 ला ही बाब अधिकृतपणे नोंदवली ती कंपनीच्याच दवाखान्यातल्या होसोकावा डॉक्टरांनी. 1959 मध्ये त्यांनी त्याच विभागाचं सांडपाणी अन्नात घालून एका मांजराला दिलं. मांजर क्रमांक 400. त्याला तोच आजार झाला. कंपनीने ते दाबून ठेवलं. त्याच डिसेंबरात कंपनीने शुद्धीकरण यंत्र बसवलं, अध्यक्षांनी लोकांसमोर त्यातलं पाणी पिऊन दाखवलं. त्या यंत्रात मिथाइल पारा काढायची सोयच नव्हती. वर्ष संपायच्या आदल्या दिवशी पीडितांशी करार : मेलेल्या माणसामागे तीन लाख येन सहानुभूतीचे, आणि उद्या कारण आमचं सांडपाणीच निघालं तरी आणखी मागायचं नाही. 1973 मध्ये कोर्टाने तो करार रद्दबातल ठरवला, हे त्यातल्या त्यात बरं. पारा सोडणं थांबलं मे 1968 मध्ये, तेही ती पद्धत जुनी झाली म्हणून. सरकारने कारण कबूल केलं त्यानंतर, सप्टेंबरमध्ये. घ्या!

पण मला रात्री जागं ठेवणारी गोष्ट वेगळीच. 1957 मध्ये मासेमारी बंद करावी का, हा प्रश्न वर, जपानच्या सरकारकडे गेला. उत्तर आलं की खाडीतले सगळेच मासे विषारी आहेत असा पुरावा नाही, म्हणून कायदा लागू नाही. पुढे 1959 मध्ये मासळी विक्रेत्यांनीच तिथला मासा घेणं सोडलं. मग न विकला गेलेला मासा कुणी खाल्ला असेल? हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून आयला फोन केला. बोलायला काही नव्हतं, "जेवलीस का" एवढंच विचारलं.

उन्हाळ्यात माझा भाऊ झाला. सांगते, घाबरू नका : ठणठणीत आहे. रिक्षा चालवतो, हिशेबात माझ्यापेक्षा पक्का. आणि हाच मामाचा हुकमाचा पत्ता. दर नारळी पौर्णिमेला भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "ह्याला काय झाला? इतकी वर्सं खाताव, काय झाला?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अठ्ठावीस वर्षं. 'काही झालं नाही' आणि 'कुणी पाहिलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या कोळीवाड्यात कुणाच्या केसाची एक बट कुणी तपासली नाही. मामा सांगतो की त्यांची तपासणी व्हायची, दर काही महिन्यांनी, रिपोर्ट नॉर्मल. कसली तपासणी? लघवीची. लघवीत दिसतो तो वाफेचा पारा, कामगाराचा. माशातला पारा बघायचा तर केस आणि रक्त. लघवीचा रिपोर्ट दाखवून माशाचा वाद जिंकता येत नाही, मामा. जपानात बाळाची सुकलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. त्या नाळांमध्ये पुढे पारा मोजला, कुठल्या वर्षी किती होता ते कळलं. आम्ही नाळ पुरतो. भावाची परसात, तिवरांच्या कडेला.

बरं, तुमचं उत्तर. पारा जवळपास प्रत्येक माशात थोडा असतो, समुद्राच्याही. मोठा, म्हातारा, दुसऱ्या माशांवर जगणारा मासा असेल तर जास्त : मुशी (शार्क), कुपा (ट्यूना), मोठी सुरमई. गरोदरपणात हे टाळा. मॉलमधून पॅकिंगची घेतली म्हणून सुरमईतला पारा कमी होत नाही. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोलंबी, ही लहान आणि थोडं जगणारी मासळी, आठवड्यातून दोनतीनदा खुशाल खाऊ द्या. बाळाच्या मेंदूला मासा हवाच असतो. कारखान्यांच्या खाडीचा मोठा जिताडा, निवटी, खुबे हे नऊ महिने आणि अंगावर पाजेपर्यंत नको. आधी खाल्लं असेल तर जीव टांगणीला लावू नका, शरीरातला मिथाइल पारा साधारण दोन महिन्यांत निम्म्यावर येतो.

आणि तुमच्या गेटवरची कोळीण खाडीची मासळी विकते हे कुणी सांगितलं? खाडीत आता उरलंय काय? ती पहाटे तीनला ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर जाऊन लिलावात माल उचलते. "कुठली गं?" विचारा, ती सांगेल. ग्रुपवर विचारण्यापेक्षा बरं.

थोडं माझ्या विरुद्धचंही लिहायला हवं. पाऱ्याचे सेल, म्हणजे मामाच्या कारखान्यातले ते हौद, आता गेले. 2003 मध्ये केंद्राच्या सनदेत ते 2012 पर्यंत बंद करायचं ठरलं, आणि उशिराने का होईना, कारखाने मेंब्रेनच्या, म्हणजे पारा न लागणाऱ्या पद्धतीवर आले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी उल्हासच्या खाडीतला गाळ काढून पारा मोजलाय : आतल्या टोकाला पुष्कळ, समुद्राकडे कमी. म्हणजे नवा येणं घटलं, जुना चिखलात आहे. मिनामाटात मात्र प्रमाण फार वेगळं होतं, तिथे मिथाइल पारा कारखान्यातूनच तयार होऊन यायचा. आपल्याकडे तसं झाल्याचा पुरावा नाही, मी तसा दावाही करत नाही. आणि मी डॉक्टर नाही, तुमच्या बायकोच्या डॉक्टरांना विचारा.

मामाचे हात थरथरतात. बशीतला चहा सांडतो, सही करता येत नाही म्हणून पेन्शनच्या कागदावर अंगठा देतो. पाऱ्याने असेल, वयाने असेल. दारूही होती, खोटं का बोलू. यंदा नारळी पौर्णिमेला बाजारातून आणलेला जिताडा होता. "बग, खाताव," म्हणाला माझ्याकडे बघून. मी त्याच्या ताटातल्या तुकडीचे काटे काढत होते, वाद घातला नाही.