मनगट दुखतंय? मग .३२ लाँग झाडा, .३२७ च्या आकड्यांना भुलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मनगट जुनं दुखावलेलं, हलक्या .३८ रिव्हॉल्व्हरचे (.३८, .३२ हे आकडे म्हणजे काडतुसाची मापं) थोडे बार काढले की हात ठणकतो, आणि आता ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागलेत. वापर फक्त निशाणेबाजीसाठी. कुणी .२२ घ्या म्हणतंय, कुणी .३२, तर एकाने .३२७ फेडरल मॅग्नमची शिफारस केलीय.

माझं मत सरळ आहे. रिव्हॉल्व्हर .३२७ किंवा .३२ एच अँड आर मॅग्नमचं घ्या, स्टीलचं घ्या, आणि त्यात मुख्यतः .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, थोडक्यात .३२ लाँग, झाडा.

हे काडतूस १८९६ चं, म्हणजे .३८ स्पेशलपेक्षाही थोडं थोरलं. थिओडोर रुझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त होते तेव्हा त्यांनी शिपायांसाठी जे कोल्ट रिव्हॉल्व्हर ठरवलं, ते याच काडतुसाचं. (कोल्टवाले त्याला स्पर्धक कंपनीच्या नावाने कशाला हाक मारतील? त्यांनी ‘कोल्ट न्यू पोलीस’ असं स्वतःचं नाव चिकटवलं.) पुढे पोलीस .३८ कडे गेले आणि .३२ मागे पडलं. पण नेमबाजांनी ते सोडलं नाही. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत आजही बहुतेक पिस्तुलं याच काडतुसाची असतात, आणि त्यात पुढून सपाट अशी वॅडकटर गोळी वापरतात, कारण ती कागदाला गोल स्वच्छ भोक पाडते. जिथे एकेका गुणासाठी मारामारी चालते तिथे हे काडतूस टिकलं, ते त्याच्या नेमकेपणामुळे आणि हात न हलवण्याच्या स्वभावामुळे.

आता धक्क्याचा हिशोब. रिव्हॉल्व्हर मागे येतं ते मुख्यतः गोळीचं वजन गुणिले वेग या हिशोबाने. .३८ स्पेशलची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे १०.२ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण २३० मीटर. .३२ लाँगची ९८ ग्रेन, म्हणजे ६.३५ ग्रॅम, वेग साधारण २१५ मीटर. दोन्ही ४५० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडली असं धरलं (काडतुसातल्या दारूचं वजन सोडून दिलं), तर .३८ चा धक्का सुमारे ६ ज्यूल येतो आणि .३२ लाँगचा २ ज्यूल. म्हणजे एकतृतीयांश. गोळीचा संवेग निम्म्याच्या थोडा वर असूनही धक्क्याची ऊर्जा इतकी घटते, कारण ती वर्गाच्या प्रमाणात बदलते. दुखऱ्या मनगटाला हा वर्गच कळतो.

.३२ एच अँड आर मॅग्नम या दोघांच्या मधलं. १९८४ साली हॅरिंग्टन अँड रिचर्डसन (म्हणजेच एच अँड आर) आणि फेडरल या कंपन्यांनी मिळून ते आणलं, म्हणजे .३२ लाँगचंच केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) थोडं लांब केलं. ८५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३०० मीटरने सुटते असं धरलं तर त्याच हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का ३ ज्यूलच्या आसपास, .३८ च्या निम्मा. नावातल्या ‘मॅग्नम’ला घाबरू नका, बिचारं नावापुरतंच मॅग्नम आहे.

.३२७ चं तसं नाही, आणि शिफारशीत गोंधळ इथेच होतो. फेडरल आणि रुगर यांनी २००७ मध्ये ते आणलं. त्याचा कमाल दाब ४५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठरलाय. .३५७ मॅग्नमचा ३५,००० आणि .३२ लाँगचा १५,००० आहे, त्यावरून अंदाज करा. १०० ग्रेनची गोळी आखूड नळीतूनही सेकंदाला ४०० मीटरच्या वर जाते, म्हणजे पूर्ण ताकदीच्या .३२७ चा धक्का तुम्हाला आत्ता न सोसणाऱ्या .३८ पेक्षा जास्त. शिवाय आवाज! छोट्या नळीतून त्याचा कडाका कानठळ्या बसवणारा असतो, पुढे ज्वाळाही दिसते. डोळे मिटण्याची सवय हाताच्या दुखण्याइतकीच कानाच्या धसक्यानेही लागते. ‘.३२ म्हणजे मऊ’ अशा समजुतीने कुणी पहिल्याच दिवशी ही काडतुसं भरून दिली तर तुमची सवय आणखी पक्की होईल.

मग .३२७ चं रिव्हॉल्व्हर घ्या असं का म्हणतोय? कारण हे सगळं एकाच घराण्यातलं आहे. बुडाचा व्यास तोच, फक्त केसची लांबी वाढत गेली: .३२ लाँग २३.४ मिलिमीटर, एच अँड आर २७.३, .३२७ ३०.५. त्यामुळे .३२७ च्या चेंबरमध्ये (सिलिंडरच्या ज्या भोकात काडतूस बसतं त्यात) तिन्ही चालतात, आणि १८७८ चं जुनं .३२ एस अँड डब्ल्यूसुद्धा. महिनोन्‌महिने .३२ लाँग झाडा, हात सुधारला तर एच अँड आर घ्या, .३२७ ला कधीच हात लावला नाहीत तरी काही बिघडत नाही. काडतुसांचा तुटवडा असतो तेव्हाही ही सोय कामाला येते, जे मिळेल ते भरता येतं.

उलटं मात्र करायचं नाही. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसवायचा प्रयत्न नको, आणि ‘बसतंय की’ हा तर पुरावाच नव्हे. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस काही .३२ लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतं, पण त्याचा दाब जास्त आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या, मधोमध मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते घालणं म्हणजे बोटांशी खेळ.

आता वजनाबद्दल, कारण काडतुसाच्या चर्चेत ते नेहमी मागे राहतं. तुमचं .३८ हलक्या मिश्रधातूचं आहे. तेच काडतूस ७०० ग्रॅमच्या स्टीलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं तर वरच्या हिशोबाने ६ चे ४ ज्यूल होतात. त्यात १४८ ग्रेनची मंद वॅडकटर घातली तर ३ च्याही किंचित खाली. म्हणजे हलक्या .३२ एच अँड आरइतकंच झालं की! म्हणून नवीन काही घेण्याआधी कुणाचं तरी स्टीलचं .३८ वॅडकटरसह एकदा झाडून बघा. त्याने भागलं तर काडतुसं शोधत फिरण्याचा ताप वाचेल. नाही भागलं, तर .३२ लाँग त्याच ७०० ग्रॅममध्ये सव्वा ज्यूलच्या आसपास येतं. तिथे धक्का जवळपास संपतो, उरतो फक्त टप्पकन आवाज. एकाच मापाच्या सांगाड्यात .३२ च्या सिलिंडरची भोकं लहान असतात, त्यामुळे धातू थोडा जास्त उरतो. शिवाय जिथे .३८ ची पाच बसतात तिथे .३२ ची सहा. रुगरच्या एलसीआर आणि एसपी१०१ मध्ये हा फरक सरळ दिसतो.

.२२ बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. धक्का नाहीच, काडतुसं स्वस्त, सराव भरपूर, हे सगळं खरं. पण .२२ हे रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला केसच्या कडेत असतो (सेंटरफायरमध्ये तो बुडाच्या मधोमध); त्यामुळे घोड्याला केसची कड चेपावी लागते, त्यासाठी स्प्रिंग कडक ठेवतात. म्हणून छोट्या डबल ॲक्शन (ट्रिगर ओढल्यानेच घोडा मागे जाऊन सुटतो अशा) .२२ चा ट्रिगर त्याच सांगाड्याच्या सेंटरफायरपेक्षा बरेचदा जड लागतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांच्या काही नेमबाजांना .२२ देऊन पाहिलं, तर त्यांची तक्रार धक्क्याची उरली नाही, ट्रिगरची सुरू झाली. तुमचं दुखणं मनगटात आहे की बोटांत, हे आधी नीट तपासा. बोटं ठीक असतील तर .२२ जरूर जोडीला ठेवा. नसतील तर घोडा अंगठ्याने मागे ओढून सिंगल ॲक्शनने मारता येईल असं .३२ बघा, म्हणजे घोडा आत झाकलेलं मॉडेल बाद.

मूठही बघा. बोटभर लाकडी मुठीऐवजी मागचा धातू पूर्ण झाकणारी रबरी मूठ घातली की तोच धक्का तळहातावर पसरतो. यावर फार लिहीत नाही, ज्याचा त्याचा हात.

तोटे सांगतो. .३२ ची काडतुसं .३८ इतकी सहज मिळत नाहीत, मिळाली तर महाग पडतात. म्हणून आधी काडतूस कुठून मिळणार ते ठरवा, मग रिव्हॉल्व्हर. लापुआ, फियोकी, सेलिए अँड बेलो यांची .३२ लाँग वॅडकटर नेमबाजी स्पर्धांमुळे बाजारात टिकून आहे, तिच्यावर भिस्त ठेवायला हरकत नाही. जिथे स्वतः काडतुसं भरायची मुभा आहे तिथे .३२ फार परवडतं: एक पौंड शिशात १५८ ग्रेनच्या ४४ गोळ्या होतात, तर ९८ ग्रेनच्या ७१. दारूही चिमूटभर. पण चिमूटभरच असल्याने चुकून दुप्पट पडली तरी केसमध्ये जागा उरते, आणि पडलीच नाही तर फुसका बार निघून गोळी नळीत अडकते. प्रत्येक केसमध्ये उजेड टाकून बघणं इथे सक्तीचं समजा.

दुसरी कटकट नेमाची. हलकी वेगवान गोळी नळीतून लवकर सुटते, जड मंद गोळीला वेळ लागतो आणि तोवर नळी वर उचललेली असते. त्यामुळे एकाच रिव्हॉल्व्हरमधून वेगवेगळी .३२ काडतुसं वेगवेगळ्या उंचीवर लागतात. तीन प्रकार झाडायचे असतील तर मागचा नेम फिरवून जुळवता येईल असंच मॉडेल घ्या.

आणि साफसफाई. लांब चेंबरमध्ये आखूड काडतुसं झाडत राहिलं की केसच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं जमतं. मग कधीतरी एच अँड आर भरायला गेलात की ते अर्ध्यात अडकतं, आणि लोक रिव्हॉल्व्हरला दोष देतात. प्रत्येक सत्रानंतर चेंबरमधून पितळी ब्रश फिरवा, मिटलं.

डोळे मिटण्याचं काय, तर ते काडतूस बदलल्याने आपोआप जाणार नाही. सिलिंडरमध्ये तीन भरलेली आणि तीन रिकामी केसं मिसळून दुसऱ्या कुणाला तरी भरायला सांगा, तुम्ही न बघता ते बंद करून घ्या, आणि सावकाश सहा वेळा ट्रिगर ओढा. रिकाम्यावर नळी खाली दचकली तर अजून .३२ लाँगवरच थांबा.