झाड बागेत ठेवलंच कशाला?

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख एकाच दिशेला वळतो: मोह, पाप आणि 'देवाने हे होऊच का दिलं?' मराठी माणसाने पाद्र्याला मधेच थांबवून शंका विचारावी ही रीत तशी जुनी. १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त पाद्री ओव्यांतून कथा सांगतो आणि ऐकणारे त्याला प्रश्न घालतात. मला ओवी जमत नाही. प्रश्न मात्र अजून बरेचसे तेच आहेत.

देव सर्वज्ञ आहे. आदाम-हव्वा फळ खाणार हे त्याला ठाऊक होतं. मग ते झाड बागेत ठेवलंच कशाला? रांगत्या पोराच्या हाताशी कोणी पेटता स्टोव्ह ठेवतं का?
(एक गृहिणी, वसई)

स्टोव्हचा दाखला चोख आहे, ताई. त्याला पुरून उरेल असं उत्तर माझ्याकडे नाही. नेहमीचं उत्तर तुम्ही ऐकलं असेलच: 'नाही' म्हणायची सोय नसेल तर 'हो'ला किंमत काय? चावी दिलेल्या बाहुलीचं प्रेम ते प्रेम नव्हे. मला हे पटतं, पण अर्धंच. कारण स्वर्गात कोणी पाप करणार नाही असंही आपण मानतो, आणि तिथली माणसं काही चावीच्या बाहुल्या नसणार.

दुसऱ्या शतकातले ल्यों शहराचे बिशप आयरेनियस यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते आदाम-हव्वा पुरते वाढलेले नव्हतेच, लेकरंच होती. देवाला तयार माणूस नको होता, वाढत जाणारा हवा होता. स्टोव्हला हे उत्तर जरा जवळचं, कारण पोर कधी ना कधी स्वयंपाकघरात येणारच. (तरी रांगतं ते रांगतंच, असं तुम्ही म्हणाल. मान्य.)

पण बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसरा अध्याय एकदा सावकाश वाचा. वाईट मुळात आलं कुठून हे तो सांगतच नाही. मोह कसा चालतो ते मात्र बारकाईने दाखवतो. देव म्हणाला होता, बागेतल्या हव्या त्या झाडाचं खा, एकाचं तेवढं नको. सर्प विचारतो: 'कोणत्याच झाडाचं खाऊ नका, असं म्हणाला म्हणे?' हव्वा त्याची चूक दुरुस्त करते आणि जाता जाता पदरची भर घालते: 'त्याला हातही लावू नका, म्हणाला.' हात लावण्याबद्दल देव बोललाच नव्हता! अख्खी बाग मोकळी होती. दोनचार वाक्यांत ती एका झाडाएवढी झाली. आणि आदाम? तोही तिथेच होता. नंतर मात्र म्हणतो, 'तू दिलेल्या या बाईने मला दिलं.' एकाच वाक्यात बायकोवर आणि देवावर ढकलून मोकळा.

प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' म्हणतो. आमची कॅथलिक शेजारीण 'मोहात पडू देऊ नकोस' म्हणते. बरोबर कोण? देव मोहात पाडतो का?
(निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर)

मूळ ग्रीक शब्द 'पैरास्मॉस'. त्यात परीक्षाही आली आणि मोहही, म्हणून दोघांचंही बरोबर. भांडण फक्त मराठीत आहे असं समजू नका, सर. फ्रान्समधल्या कॅथलिकांनी २०१७ मध्ये ही ओळ बदलली, इटलीतल्यांनी २०२० मध्ये. देव मोहात ढकलतो असा अर्थ निघू नये, हेच कारण.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय तर स्पष्टच सांगतो: देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. पण येशूला अरण्यात कोणी नेलं? मत्तयाचं शुभवर्तमान म्हणतं, पवित्र आत्म्याने. मोह घालणारा सैतान, पण तिथवर नेणारा आत्मा. वर्गात ही दोन वचनं शेजारी ठेवली की पोरं गप्प होतात. मीही थोडा वेळ होतो.

मग सैतान कोणी घडवला?
(सोलापूर)

देवानेच, पण चांगला. तो स्वतःच्या मर्जीने बिघडला, असं परंपरा सांगते. प्रश्न यातून फक्त एक पायरी मागे जातो, सुटत नाही. आणि एदेन बागेच्या कथेत 'सैतान' हा शब्दच नाही, फक्त सर्प आहे. दोघे एकच, हे जुळवणं प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात दिसतं.

फळ आदामाने खाल्लं. शिक्षा मला का?
(कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

बाळ, तुझा राग रास्त आहे. बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या ५:१२ मध्ये ग्रीकात 'कारण सर्वांनी पाप केलं' अशा अर्थाचे शब्द आहेत. लॅटिन भाषांतरात त्याचं 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केलं' असं झालं, आणि उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टीन याने ते तसंच वाचलं. म्हणून पश्चिमेकडे अपराधच वारशाने आला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या म्हणतात, मरण आणि दुबळेपण वारशाने येतं, दोष येत नाही. मी स्वतः त्यांच्या बाजूला झुकतो. बापाचा दमा पोराला येतो, बापाने केलेली चोरी येत नाही.

तरी ऑगस्टीनला मोडीत काढू नकोस. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर रात्री नासपती चोरल्या. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, बहुतेक चोरलेली डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावरही तो स्वतःला विचारत राहिला: मग चोरल्या का? तर, नको म्हटलं होतं म्हणून. यासाठी आदाम लागत नाही, आपली शाळा आठवली तरी पुरे.

माझा मुलगा जन्मापासून चालू शकत नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, आईबापाच्या पापाचं फळ. देवाने पाप होऊ दिलं, ते ठीक. पण हे?
(एक आई)

वर स्वातंत्र्याचं जे काही लिहिलं ते इथे लंगडं पडतं, हे आधी कबूल करतो. तुमच्या लेकराने कुठलीच निवड केली नव्हती. पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक गातात त्या स्तोत्रात आदामाच्या अपराधाला 'भाग्याचा' म्हटलं आहे, कारण त्यामुळे एवढा थोर तारणारा मिळाला. स्तोत्र सुंदर आहे. दवाखान्यात खाटेशेजारी कोणी ते म्हणू नये.

त्या बाईंचा प्रश्न शिष्यांनीही विचारला होता, योहानाच्या नवव्या अध्यायात, जन्मांधाला बघून: पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही उत्तरं नाकारली. यरुशलेमातला शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हाही त्याने विचारलं, ती काय इतरांहून जास्त पापी होती? नाही, असं उत्तरही त्यानेच दिलं.

ईयोब हा बायबलमधला, संकटांनी पुरता मोडलेला नीतिमान माणूस. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले होते, तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याचं पाप शोधायला लागले. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, त्यांच्यावर. त्या बाई पुन्हा बोलल्या तर ईयोब ४२:७ उघडून हातात द्या. आणि रविवारी लेकाची खुर्ची मागे दाराशी नको, पहिल्या बाकाशेजारी लावा.