आईच्या खुब्यात नेमका कोणता सांधा बसवलाय?

प्रश्न: आईचं 2008 साली मुंबईत खुब्याचं ऑपरेशन झालं, धातूचा सांधा बसवला होता. चार-पाच वर्षं छान गेली, पण आता जांघेत सारखं दुखतं, उठता-बसता कटकट आवाज येतो. भाऊ म्हणतो अमेरिकेत असल्या सांध्यांसाठी पेशंटना करोडो मिळाले, आपणपण केस टाकू. हॉस्पिटल म्हणतं एवढी जुनी फाइल आमच्याकडे नाही. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, केसचं नंतर बघू, आधी आईला हाडाच्या डॉक्टरांकडे न्या आणि एक्सरे सोबत रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासून घ्या. बॉल आणि वाटी दोन्ही धातूचे असले की एकमेकांवर घासून बारीक कण सुटतात, ते आजूबाजूच्या मांसात साठतात, सूज येते, कधी गाठ होते, आणि हे साध्या एक्सरेत दिसेलच असं नाही. इंग्लंडमधे डॉक्टर लिटरला 7 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की पुढच्या तपासण्या करतात. आकडा कमी आला तरी दुखणं अंगावर काढू नका.

आता भाऊ म्हणतायत ते. ती केस डेप्यू कंपनीच्या एएसआर नावाच्या सांध्याची. डेप्यू म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनचीच. हा सांधा लवकर खराब होऊन परत ऑपरेशन करावं लागतंय असं दिसल्यावर ऑगस्ट 2010 मधे कंपनीने तो जगभरातून परत बोलावला, तोवर साधारण 93,000 लोकांना बसवून झाला होता. नोव्हेंबर 2013 मधे अमेरिकेत अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली, पण ती तिथल्याच पेशंटपुरती, आणि तीही ज्यांना सांधा काढून दुसरा बसवावा लागला त्यांच्यासाठी. त्यातून तुम्हाला काही मिळणार नाही.

आपल्याकडे या सांध्याची साधारण 4,700 ऑपरेशनं झाली आणि त्यातल्या बहुतेक पेशंटचा पत्ताच लागला नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण मोटारसायकल विकली तरी तिचा चेसिस नंबर कुठेतरी नोंदलेला असतो, आणि इथे माणसाच्या शरीरात बसवलेली वस्तू कुणाला बसवली हेच सापडत नाही. केंद्राने डॉ. अरुणकुमार अगरवाल यांची समिती नेमली, तिने 2018 मधे किमान 20 लाख द्यावेत असं सांगितलं, मग दुसऱ्या समितीने वय आणि अपंगत्व बघून 30 लाख ते 1 कोटी 23 लाखांचं सूत्र ठरवलं. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली, आणि मे 2019 मधे पडताळणी झालेल्या 67 पेशंटना प्रत्येकी 25 लाख द्यायची तयारी दाखवली. म्हणजे पैसे मिळू शकतात, पण तुमच्याकडे पुरावा पाहिजे.

तो पुरावा म्हणजे स्टिकर. प्रत्येक सांध्याच्या बॉक्समधे छोटे स्टिकर येतात, त्यावर कंपनीचं नाव, रेफ नंबर (म्हणजे मॉडेलचा नंबर) आणि लॉट नंबर (कुठल्या खेपेतला ते) असतो, ऑपरेशन झाल्यावर ते केसपेपरवर चिकटवतात, कधी डिस्चार्ज कार्डाच्या मागेपण लावलेले सापडतात. कपाटातली जुनी फाइल पानन् पान उलटा. हॉस्पिटलवर रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचंच बंधन होतं त्यामुळे ते नाही म्हणतात त्यात खोटं असेलच असं नाही, तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिक्लेम घेतला असेल तर इन्शुरन्सवाल्यांना विचारा, क्लेमला इम्प्लांटचं बिल लावलेलं असू शकतं. सर्जन अजून प्रॅक्टिस करत असतील तर त्यांनापण भेटा, आणि जुना एक्सरे असेल तर घेऊन जा, जाणकार माणूस आकारावरून अंदाज बांधू शकतो.

एएसआर निघाला तर राज्याच्या एफडीएकडे म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, मुंबईत बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधे, लेखी तक्रार करा. दुसऱ्या कंपनीचा निघाला तर वरचं सूत्र लागू होत नाही, मग ग्राहक आयोगाचा रस्ता, तिथे दोन वर्षांची मुदत असते, उशिराचं पटण्यासारखं कारण दिलं तर आयोग माफ करू शकतो पण त्यासाठी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

आणि एक, परत ऑपरेशन करायची वेळ आली तर काढलेला सांधा हॉस्पिटलला फेकू देऊ नका, आधीच लेखी सांगून ठेवा की तो आम्हाला सीलबंद करून द्या.