एफएफएमपेगसारख्या (व्हिडिओ-आवाजाच्या फायली उलगडणाऱ्या, बदलणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पात टेस्ट सांभाळायचं काम कोकणातल्या गावात बसून जमेल का? त्यात रोज करायचं काय असतं?

जमेल. लाईट-नेटची तुम्हाला वाटते तेवढी अडचण येत नाही. अडचण दुसरीकडे आहे, तिच्याकडे येतोच.

तुम्ही लिहिलंय की गाव लांज्याच्या आत, लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, सी भाषा बऱ्यापैकी येते आणि जूननंतर नेटचा भरवसा नाही. मी कुडाळला असतो, त्यामुळे जूननंतर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एफएफएमपेगच्या टेस्टसंचाचं नाव फेट. एफएफएमपेगचे प्रोग्रामर माइक मेलॅन्सन यांनी तो आधी स्वतःच्या मशीनवर चालवायला घेतला होता, आता तो मूळ सोर्सचाच भाग आहे. त्याला लागणाऱ्या नमुना फायलींचा पसारा जीबीच्या पुढे जातो, पण त्या आरसिंक या फायली उतरवायच्या साधनाने उतरतात. मध्येच लाईन गेली तरी आलेल्या फायली जात नाहीत, पुढच्या वेळी उरलेल्याच येतात. रत्नागिरीला कुणाकडे चांगलं नेट असेल तिथे बसून एकदा उतरवून घ्या. मग टेस्ट चालवणारी ‘मेक फेट’ ही आज्ञा द्यायला नेट लागतच नाही.

लाईटचा एक त्रास मात्र खरा आहे. कंपाइल चालू असताना वीज गेली की एखादी ऑब्जेक्ट फाइल (कोडच्या एका भागाची कंपाइल झालेली फाइल) शून्य बाइटची होऊन बसते. मेकला, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाला, वाटतं ती तयार आहे, आणि या फायली जोडणारा लिंकर भलतंच काहीतरी बोलतो. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधत बसू नका. शून्य बाइटच्या फायली शोधून उडवा आणि मेक परत चालवा.

आता मूळ काम. प्रत्येक टेस्टमागे एक साधी मजकुराची फाइल असते, तिला रेफरन्स म्हणतात. बहुतेक टेस्टमध्ये नमुना डीकोड करून, म्हणजे उलगडून, दर फ्रेमला एक ओळ छापली जाते आणि ती रेफरन्सशी ताडली जाते. ओळीत सहा रकाने: प्रवाहाचा क्रमांक, डीकोडची वेळ, दाखवायची वेळ, कालावधी, आकार आणि चेकसम, म्हणजे फ्रेममधल्या माहितीचा ताळा. ३५२ बाय २८८ च्या नेहमीच्या ४:२:० (रंगाची माहिती कमी बारकाईने ठेवणाऱ्या) चित्राचा आकार १५२०६४ बाइट येतो, म्हणजे रुंदी गुणिले उंची गुणिले दीड. शेवटचा आकडा सोळाच्या पायावरचा. या ओळी छापणाऱ्या ‘फ्रेमसीआरसी’च्या नावात सीआरसी हा ताळ्याचा प्रकार असला तरी हिशेब ॲडलर-३२ या दुसऱ्या प्रकाराचा असतो.

टेस्ट नापास झाली की पुढ्यात या ओळींचा डिफ, म्हणजे अपेक्षित आणि आलेल्या ओळींतला फरक, येतो. तो वाचता येणं हीच या कामातली कमाई. चेकसम तेच आणि फक्त वेळेचे रकाने हललेत, तर डीकोडर बहुधा निर्दोष आहे, डीमक्सर (फाइलमधले चित्र-आवाजाचे प्रवाह वेगळे करणारा भाग) नाहीतर फिल्टरकडे बघायचं. आकार बदलला तर पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत) किंवा चित्राची मापं बदललीत. एका फ्रेमपासून चेकसम बिघडले आणि पुढच्या की-फ्रेमला (जी आधीच्या फ्रेमांवर अवलंबून नसते) आपोआप सुधारले, तर एका फ्रेमची चूक पुढच्या फ्रेमा उचलत गेल्या. पहिल्यापासून सगळेच चेकसम वेगळे असतील तर रंगरूपांतरासारखं काहीतरी सगळ्यांना लागू होणारं हललंय. शेवटची ओळच गायब असेल तर डीकोडरच्या पोटात उरलेली फ्रेम बाहेर काढायची राहिली.

मात्र आकडा बदलला म्हणजे कोड चुकला असं दरवेळी नसतं, आणि तुमची खरी अडचण इथे सुरू होते. एच.२६४ या व्हिडिओ पद्धतीचं उदाहरण घ्या. त्यातलं गणित पूर्णांकांचं आहे आणि बरोबर डीकोडरने एकेक पिक्सेल तंतोतंत तोच काढावा असं मानकच सांगतं. तिथे एका बिटाचा फरक म्हणजे बग, चर्चा नको. एमपेग-२ मध्ये उलट रूपांतराला थोडी सूट आहे, त्यामुळे दोन वेगळे आणि दोन्ही बरोबर निकाल असू शकतात. म्हणून टेस्ट चालवताना बिटएक्झॅक्ट झेंडा लावतात, म्हणजे वेगवान पण किंचित वेगळे मार्ग बंद होतात. एएसी, व्हॉर्बिससारख्या आवाजाच्या डीकोडरमध्ये फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांकांचं गणित आहे. कंपायलर बदलला, प्रोसेसर बदलला की शेवटचे बिट हलतात. तिथे चेकसम ताडण्यात अर्थ नसतो, म्हणून मूळ नमुन्यापासून किती लांब गेलो ते मोजतात आणि ठरावीक मर्यादेच्या आत असलं की पास. ती मर्यादा वाढवून मागणारा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) आला की मी आधी संशयानेच बघतो.

रेफरन्स नव्याने लिहायला एक सोपी युक्ती आहे: टेस्ट चालवताना ‘जेन=१’ द्यायचं. लाल झालेलं सगळं क्षणात हिरवं होतं. या कामात याच्याइतकं घातक दुसरं काही नाही. चाळीस रेफरन्स फायली बदलल्या आणि खाली नुसतं ‘रेफरन्स अद्ययावत केले’ असं लिहिलं, तर त्या चाळीस टेस्ट नसल्यासारख्याच. रेफरन्समधला बदल आणि तो घडवणारा कोड एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) हवा, म्हणजे पुढे बायसेक्ट करणाऱ्याला, चूक कुठल्या कमिटने आली ते अर्धं-अर्धं करत शोधणाऱ्याला, मधल्या प्रत्येक टप्प्यावर टेस्ट पास मिळतात. आणि आकडा का बदलला हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर बदल आत जाऊ देऊ नये, लिहिणारा कितीही मोठा असो.

कधी पास, कधी नापास होणारी टेस्ट भेटेलच. ती बंद करून टाकायचा मोह होतो. आधी एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालवून बघा, मग मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली. बऱ्याचदा न भरलेली मेमरी वाचली गेलेली असते किंवा दोन थ्रेड एकमेकांच्या पायात येत असतात, म्हणजे टेस्ट खरंच बोलत असते.

माझा पोटापाण्याचा धंदा जुन्या टेपा डिजिटल करायचा. डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), दशावतार, लग्नं, आणि इकडच्या दमट हवेत बुरशी धरलेल्या कॅसेटी. एफएफएमपेगची नवी आवृत्ती घेतली की आधी माझा स्वतःचा छोटा संच चालवतो, गिऱ्हाइकाची टेप नंतर. मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटची पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) फ्रेम बरोबर १४४००० बाइटची असते, त्यामुळे कच्च्या डीव्ही फाइलमधून हव्या त्या दहा फ्रेमा नुसत्या बाइट मोजून कापता येतात. मी कापतो ती जागा ठरलेली: जिथे कॅमेरावाल्याने मध्येच आवाज १२ बिट, सेकंदाला ३२ हजार सॅम्पलवरून १६ बिट, ४८ हजारवर नेलाय. फ्रेमला १२८० सॅम्पलचे तिथे १९२० होतात, आणि घरगुती कॅमेऱ्यात हा आकडा फ्रेमागणिक थोडा हलतो तो वेगळाच. हे सांधे नीट गेले नाहीत तर तासाभराने बुवांचे ओठ एकीकडे आणि गजर दुसरीकडे.

असा तुकडा मूळ प्रकल्पाला पाठवायचा मोह होईल. पाठवू नका. सार्वजनिक नमुन्यांत गेलेली फाइल जगभर कायमची उतरवली जाते, आणि बुवांना त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. फेटमधल्या कितीतरी टेस्ट प्रोग्रामनेच तयार केलेल्या चित्रांवर आणि आवाजावर चालतात, तसा कृत्रिम नमुना बनवा. बग फक्त खऱ्या फाइलवरच दिसत असेल तर परवानगी घ्या आणि फाइल शक्य तितकी लहान कापा, कारण ती सगळ्यांनाच उतरवावी लागते.

मशीनचं बोलायचं तर, फेटचे निकाल प्रकल्पाला पाठवणाऱ्यांत तुमच्यासारख्या लॅपटॉपची कमी नाही. घरात जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) पडलेला असेल तर तो जास्त उपयोगाचा, वेगळा प्रोसेसर वेगळे बग पकडतो. त्यावर एफएफएमपेगमधलंच चेकॲझम हे साधन आवर्जून चालवा. ते हाताने लिहिलेलं असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या आज्ञांतला कोड) आणि साधं सी यांना तोच यादृच्छिक इनपुट देऊन निकाल ताडतं. नापास झालं तर छापलेला सीड (ज्या आकड्यापासून तो इनपुट तयार होतो) टिपून ठेवा. तोच सीड दिला की तोच इनपुट परत मिळतो.

पैशाचं विचारलंत म्हणून: टेस्टचं काम बहुतेक फुकटच करावं लागतं. विद्यार्थी किंवा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवखे असाल तर गुगल समर ऑफ कोड या मानधन देणाऱ्या उपक्रमात एफएफएमपेग अनेकदा असतं, तिकडे लक्ष ठेवा.

सुरुवात करताना कॉन्फिगरला (बांधणीची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) जीकॉव्हचा टूलचेन द्या, तो कोडच्या कुठल्या ओळी चालल्या ते मोजतो, फेट चालवा आणि ‘मेक एलकॉव्ह’ करून अहवाल काढा. कुठल्या ओळींना एकही टेस्ट शिवत नाही ते त्यात दिसतं. त्यातला एखादा छोटा, जुना डीमक्सर निवडा, एच.२६४ च्या वाटेला आत्ताच जाऊ नका. आठ जीबीवर एकावेळी मेकचे चार जॉब पुरेत. टेस्टची नोंद कशी करायची ते शेजारच्या डीमक्सरची नोंद बघून कळेल, बहुतेकदा दोन-तीन ओळींचंच काम असतं.