आकडी, अंक आणि मेंदूतला आकडा

करवीर तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलंय : गावासाठी पत्रक लिहिताना ‘आकडी’ हा गावठी शब्द काढून ‘अपस्मार’ लिहू का? आणि आजार जनुकीय असू शकतो म्हणतात, तर ‘आनुवंशिक’ लिहिलं तर चालेल का?

दुसरं आधी, कारण ते ऐकून कान किटलेत. नाही चालणार! जनुकीय म्हणजे जनुकातल्या बदलामुळे झालेलं. आनुवंशिक म्हणजे वंशातून चालत आलेलं. तान्ह्या वयात सुरू होणारा आकडीचा एक आजार, ड्रावेट सिंड्रोम घ्या. २००१ साली त्याचं मूळ एससीएन१ए या जनुकात सापडलं. मेंदूतल्या मज्जापेशीत सोडियम आत घेणारं एक दार या जनुकावरून घडतं. ते दार बिघडलं की इतरांना आवर घालणाऱ्या पेशीच ढिल्या पडतात आणि बाकीच्या मोकाट सुटतात. पण बहुतेक बाळांत हा बदल नव्यानंच घडलेला असतो, आईबापात तो नसतोच. तरी पत्रकात ‘आनुवंशिक’ छापलं की बाळाच्या आईच्या माहेरची उलटतपासणी सुरू होते. हे मी आमच्या पेठेत डोळ्यांनी पाहिलंय.

आता आकडी. ‘फिट’ सोडून द्या, तो इंग्रजीतून आला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आकडीला गावठी कुणी ठरवलं? संस्कृत ‘अंक’ म्हणजे मुळात वाक, बाक, आकडा. त्याचाच आकडा झाला, शेळ्यांसाठी पाला ओढायची आकडी झाली, आणि हातपाय वाकडे करणारी आकडीही तीच. काही मंडळी तिला ‘आखडणे’तून काढतात. मला ते साफ अमान्य आहे. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्याआधी ‘आंकडा’, ‘आंकडी’ असं लिहीत. डोक्यावरचा तो टिंब ‘अंक’चीच साक्ष देतो. ‘आखडणे’वाल्यांनी त्याचा हिशेब द्यावा.

खरी गंमत पुढं आहे. या ‘अंक’चा लॅटिनमधला सख्खा भाऊ म्हणजे ‘उंकस’, अर्थ तोच, आकडा. आणि मेंदूच्या कानशिलाकडच्या खंडात, आतल्या बाजूला, आकड्यासारखा वळलेला जो भाग आहे त्याचं शरीरशास्त्रातलं नाव उंकस! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी याच भागाच्या आसपास सुरू होणारे झटके वर्णन केले. रुग्णाला आधी नसलेलाच घाण वास येतो, मग स्वप्नात असल्यासारखं वाटतं. झटका म्हणजे मेंदूतल्या करड्या द्रव्याचा अचानक, बेसुमार विसर्ग (डिस्चार्ज), हे त्यांनी १८७३मध्येच मांडलं होतं. मेंदूतल्या विजेचा आलेख माणसाच्या डोक्यावरून काढून जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ साली छापला. प्रत्येक झटका उंकसमधून निघत नाही, मान्य. पण आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आणि मेंदूच्या नकाशावरचा शब्द एकाच मुळाचे निघावेत, याचा आनंद मला आठ दिवस पुरला.

‘अपस्मार’ तेवढा नेमकाही नाही. त्यात ‘स्मृ’ आहे, चरकसंहितेतली व्याख्याही स्मृती जाण्यावरच उभी आहे. चरकांचा मान राखून सांगतो, हे अपुरं आहे. नुसता एक हात उडतो, माणूस पूर्ण शुद्धीत असतो, नंतर सगळं सांगतो, असेही झटके असतात. तिथं कुठली स्मृती गेली?

तेव्हा ताई, मथळ्यात ठळक ‘आकडी’च छापा, ‘अपस्मार’ खाली बारीक अक्षरात चालेल. आणि कांदा-चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हे पहिल्याच ओळीत येऊ द्या.