‘सर रतन टाटा’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न असा आहे: ‘रतन टाटा गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या कितीतरी संदेशांत ‘सर रतन टाटा’ असं लिहिलेलं दिसलं. ब्रिटनने त्यांना नाइटहुड दिलं होतं, असंही वाचनात आलं. मग त्यांच्या नावाआधी ‘सर’ लावणं बरोबर आहे का? आणि ‘मानद नाइटहुड’मधल्या ‘मानद’चा अर्थ काय घ्यायचा?’

बरोबर नाही. रतन नवल टाटा यांना ब्रिटनच्या राणीकडून २००९ मध्ये केबीई (नाइट कमांडर) आणि २०१४ मध्ये त्याच्याही वरचा जीबीई (नाइट ग्रँड क्रॉस) हा सन्मान मिळाला. पण दोन्ही मानद. हे दोन्ही ज्या सन्मानमालेतले, ती ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ १९१७ मध्ये सुरू झाली. तिच्या पाच पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या वरच्या दोन नाइटच्या. जो देश ब्रिटनच्या राजाला आपला राष्ट्रप्रमुख मानतो, त्याच्या नागरिकाला हा सन्मान मिळाला तर नावाआधी ‘सर’ लागू शकतं. इतरांना पदक मिळतं, नावानंतर ती अक्षरं लिहिता येतात, पण ‘सर’ मिळत नाही. खांद्याला तलवार टेकवण्याचा विधीही त्यांच्यासाठी नसतो. बिल गेट्स २००५ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन केबीई घेऊन आले, तरी ते मिस्टर गेट्सच राहिले. भारत राष्ट्रकुलात असला तरी १९५० पासून प्रजासत्ताक आहे. त्यामुळे या हिशेबात आपण आणि अमेरिकन एकाच रांगेत.

सगळं नागरिकत्वावर ठरतं, जन्मावर नाही. गुलाम नून मुंबईत जन्मले, मिठाईच्या घरच्या धंद्यातून पुढे आले, ब्रिटनमध्ये तयार भारतीय जेवणाचा मोठा उद्योग उभारला. ते ब्रिटिश नागरिक होते, म्हणून २००२ मध्ये नाइट झाल्यावर ‘सर गुलाम नून’ हे रास्तच होतं. अमेरिकेत जन्मलेले व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांना मानद नाइटहुड १९६५ मध्ये मिळालं, पण ‘सर यहुदी’ ते झाले १९८५ मध्ये, ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर.

आता मला या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ‘सर रतन टाटा’ या नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला, आणि तो वेगळा. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतनजी, जन्म १८७१, मृत्यू १९१८. १९१६ मध्ये ते नाइट झाले. त्या वेळी हिंदुस्थान ब्रिटिश राजवटीखाली होता, त्यामुळे त्यांचं ‘सर’ पूर्ण अर्थाने ‘सर’. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला त्यांनी भरघोस पैसा दिला, पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला. त्यांचा कलासंग्रह आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो. ‘सर रतन टाटा ट्रस्ट’ हे नाव त्यांच्यावरून आहे. त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी पुढे नवल यांना दत्तक घेतलं आणि त्या नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे आपल्या माहितीतले रतन टाटा. म्हणजे आजोबा आणि नातू. नातवाच्या नावाआधी ‘सर’ जोडलं की आजोबांचं सगळं काम नकळत नातवाच्या खात्यावर जमा होतं. ट्रस्ट रतन टाटांनी स्वतःच्या नावाने काढला, असं समजणारी सुशिक्षित मंडळी मला अनेकदा भेटतात. एका आगाऊ शब्दाने एक आख्खा माणूस पुसला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा घोटाळा मराठीत सहज होतो, कारण आपल्याकडे ‘सर’ तीन आहेत. एक शाळा-कॉलेजातले: जोशी सर, कुलकर्णी सर. राव, पंत, बाई, साहेब यांच्याप्रमाणे हे नावानंतर येतं. दुसरं किताबाचं, नावाआधी येणारं आणि सुटं लिहिलं जाणारं: सर दोराबजी टाटा, सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. तिसरं फारसीतलं, ‘प्रमुख’ या अर्थाचं: सरसेनापती, सरदेशमुख, सरन्यायाधीश. हे पुढच्या शब्दाला जोडूनच येतं आणि पहिल्या दोहोंशी त्याचं काही नातं नाही. प्रेमाने ‘रतन सर’ किंवा ‘टाटा सर’ म्हणा, काहीच हरकत नाही. तेच ‘सर’ उचलून नावाआधी ठेवलं की आदर संपतो आणि किताब सुरू होतो.

‘मानद’कडे वळू. संस्कृतात मानद म्हणजे मान देणारा. मराठीत तो शब्द भलतीकडेच वळला. संस्थेचा मानद सचिव म्हणजे बिनपगारी. मानद डॉक्टरेट म्हणजे प्रबंध न लिहिता मिळालेली. मानद नाइटमध्ये तिसरी छटा आहे: दर्जा तोच, पण संबोधनाचा हक्क नाही. म्हणून ‘मानद’ म्हणजे दुय्यम, असं समजू नये. चहाची टेटली, पोलादाची कोरस, मोटारींची जॅग्वार लँड रोव्हर अशा ब्रिटिश कंपन्या टाटा समूहाकडे आल्या, दोन देशांतला व्यवहार वाढला, आणि त्याबद्दल दिलेला तो सन्मान होता.

‘सरची पदवी’ हा जुना शब्दप्रयोग मात्र मी टाळतो. पदवी म्हटलं की आज बीए-बीकॉम डोळ्यांसमोर येतं. ‘किताब’ नेमका आहे आणि जिवंतही आहे, महाराष्ट्र केसरीचा किताब दरवर्षी आपण ऐकतोच. आपल्या राज्यघटनेच्या १८व्या अनुच्छेदानुसार भारतीय नागरिकाला परकीय राष्ट्राकडून किताब स्वीकारता येत नाही. मानद सन्मानासोबत नावाला चिकटणारं काही येत नाही, म्हणूनच तो घेता येतो, असं मी समजतो. नावाआधी ‘सर’ लिहून आपण त्या सन्मानाचा नेमका तोच किताब करतो, जो घटनेला नको आहे. याच अनुच्छेदाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर लावू नयेत, असं स्पष्ट केलं. निमंत्रणपत्रिकांवरचं ‘पद्मश्री अमुक तमुक’ही त्यामुळे चुकीचंच.

लिहायचं तर असं लिहावं: ‘रतन टाटा यांना २०१४ मध्ये ब्रिटनचा मानद जीबीई सन्मान मिळाला.’ २०२४ मध्ये एअरटेलचे सुनील भारती मित्तल आणि २०२५ मध्ये टाटा समूहाचे एन. चंद्रशेखरन यांना मानद केबीई जाहीर झाला, त्यांच्याबद्दलही हेच. ‘नाइट झाले’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘मानद’ हा शब्द न गाळलेला बरा.