इंग्लंडमधल्या मार्लो गावात नवीन आलात ना? मग हे ऐका

इतिहास मंडळात पहिल्याच दिवशी सूचना करायला जाऊ नका. खुर्च्या मांडा, चहाचे कप विसळा. खऱ्या ओळखी तिथेच होतात. थेम्सवरचा झुलता पूल सकाळी चालत बघून या. १८३२चा आहे, विल्यम टिअर्नी क्लार्क या अभियंत्याचा. बुडापेस्टचा साखळी पूलही त्याच्याच आराखड्याचा. हे इथले लोक तुम्हाला दहादा ऐकवतील, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करायचा! जुलैत राजहंसांची मोजणी करणाऱ्या होड्या येतात. पिल्लांना उचलून वजन करतात, मापं घेतात, पुन्हा पाण्यात सोडतात. मुलांना नक्की न्या, कुत्रं घरी ठेवा. आणि हो, नदीकाठी घर घेतलंत तर पुस्तकांची खोकी खाली जमिनीवर ठेवू नका. माझी दोन भिजलीत.